एमआरआयमध्ये 'व्हाइट मॅटर चेंजेस' आलेत. फिट येणाऱ्यांपैकी अजून कोणाला?

गोदाकाठ
मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय २७, नवव्या वर्षापासून फिट येतात. आधी शाळेत लक्ष नसतं म्हणून फटके खाल्ले बिचाऱ्याने, मग कळलं की मिनिटभर तंद्री लागते, ओठ चघळल्यासारखे हलतात, शर्टाचं बटण चाचपत बसतो, तीच फिट. अशा महिन्याला तीनचार, आणि मोठी आकडी वर्षातून एकदोनदा. कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम, क्लोबाझाम सगळं करून झालं. आता नवीन न्यूरोलॉजिस्टनी ३ टेस्लाचा एमआरआय सांगितला, चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' असं लिहून दिलं होतं.

रिपोर्टमध्ये डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणीचा भाग) आक्रसलाय असं आलंय, ते जुन्या रिपोर्टातही पुसट होतं, त्याचं नवल नाही. पण खाली डीटीआय (एमआरआयमधलाच एक जादा सिक्वेन्स) म्हणून एक नवाच परिच्छेद आहे. डाव्या बाजूचा पॅराहिप्पोकॅम्पल सिंग्युलम, एक्स्टर्नल कॅप्सूल आणि कॉर्पस कॅलोसम इथे एफए नावाचा कसलासा आकडा कमी, व्हाइट मॅटर चेंजेस वगैरे. अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे आणि मी रोज रात्री एक वाजता मोबाइल घेऊन बसते. आईने फक्त 'व्हाइट' ऐकलं आणि विचारलं, "मेंदूला कोड फुटलंय का गं?" हसू की रडू कळेना.

तर हे फिटांमुळे झालं, गोळ्यांमुळे झालं, की हेच आधीपासून होतं म्हणून फिट यायला लागल्या? आणि वाढत जातं का? कोणाला अनुभव?

लाल_डबा
पहिला उपचार, रात्री एकला रिपोर्ट वाचायचा नाही. मी एकदा पित्ताचा रिपोर्ट गुगल केला होता, पहाटेपर्यंत मृत्युपत्राचा मसुदा तयार होता.

मृणाल७
वाचतेय. माझ्या भाचीला फिट येतात.

काळीपांढरी_फिल्म
रेडिऑलॉजिस्ट आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी आईंना सांगा की पांढरा भाग सगळ्यांच्याच मेंदूत असतो, साधारण निम्मा मेंदू तोच. वरची साल करडी, तिथे पेशी. आतला पांढरा म्हणजे त्या पेशींच्या वायरी. वायरींवर मायलिनचं वेष्टण असतं, ते चरबीचं, म्हणून पांढरं. कोड नाही, इन्सुलेशन आहे.

डीटीआयमध्ये आम्ही वायर बघत नाही, पाणी बघतो. उसाच्या रानात पाणी सोडलं की ते सरीसरीने पळतं, वरंब्यावर आडवं चढत नाही. सऱ्या मोडल्या, ढेकळं फुटली की चहूकडे पसरतं. एफए हा आकडा एवढंच सांगतो की पाणी एका दिशेने किती पळतंय. ० म्हणजे चहूकडे सारखं, १ म्हणजे एकाच दिशेने. कमी आला म्हणजे त्या रानातल्या सऱ्या जरा विस्कटल्यात. का विस्कटल्यात ते हा आकडा सांगत नाही. मायलिन पातळ झालं असेल, वायरी कमी असतील, पेशंट मशीनमध्ये हलला असेल, किंवा दोन पाट एकमेकांना छेदतात अशी जागा असेल, तिथे निरोगी माणसाचाही एफए कमीच दिसतो.

म्हणून मी स्वतः एकट्या पेशंटच्या रिपोर्टात एफए कमी असं लिहायला कचरतो. त्याच मशीनवर, त्याच वयाच्या निरोगी लोकांचे आकडे हाताशी असले तरच त्याला अर्थ. या रिपोर्टमधली कामाची ओळ वरची आहे, हिप्पोकॅम्पसची.

सातारी_कंदी
आमच्या आबांच्या रिपोर्टातपण व्हाइट मॅटर आलंय की. वय ६८, गेल्या दिवाळीत पहिलीच फिट आली, अभ्यंगस्नान करून बाहेर आले अन् ओसरीवरच कोसळले. जमलेल्या लोकांनी कांदा हुंगवला, एकाने पायातली चप्पल काढली, एकाने चमचा घातला तोंडात, त्यात पुढचा दात गेला. रिपोर्टात लिवलंय स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड २. मग हेच ना ते?

काळीपांढरी_फिल्म
@सातारी_कंदी नाही, आणि हा घोळ रोज होतो. आबांच्या फिल्मवर जे ठिपके आहेत ते डोळ्यांना दिसतात, फ्लेअर नावाच्या सिक्वेन्सवर पांढरे चमकतात. बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं बीपी, शुगर, तंबाखूने खराब होतात, त्याच्या खुणा. साठीनंतर असे थोडे ठिपके कित्येकांना असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी फिट येत नाही. ठिपके जास्त असलेल्यांमध्ये उतारवयात फिट सुरू होण्याचं प्रमाण मात्र जास्त दिसतं. गोदाकाठ यांच्या भावाची गोष्ट वेगळी, तिथे डोळ्यांना पांढऱ्या भागात काहीच दिसणार नाही, फक्त गणितात दिसतं. रिपोर्टात शब्द एकच, आजार दोन.

आबांचं बीपी किती असतं?

सातारी_कंदी
बीपीची गोळी ते एक दिवसाआड घेतात. म्हणत्यात रोज घेतली की सवय लागते.

लाल_डबा
तंबाखूची लागली नाही वाटतं.

सातारी_कंदी
ती पन्नास वर्षं झाली 😅

दोनदा_विचारा
मला एक सांगा, हा डीटीआय डॉक्टरांनी मागितला होता का? आमच्याकडे सेंटरवाले आपणहून जादा सिक्वेन्स लावतात आणि बिलात घालतात. मग रिपोर्टमध्ये रंगीत धाग्यांचं चित्र येतं, लाल हिरवं निळं, पैठणीच्या पदरासारखं, पेशंट खूष. त्याने उपचारात काय फरक पडतो? कोणी दाखवून द्यावं.

तेम्सकाठचा_कोकणी
लंडनला ब्रेन इमेजिंगमध्ये पीएचडी करतोय, डॉक्टर नाही, म्हणजे माझ्या सांगण्यावरून गोळी बदलू नका. @दोनदा_विचारा बिलाबद्दल बोलू शकत नाही, पण चित्र निव्वळ पैठणी नाही.

एनिग्मा-एपिलेप्सी म्हणून जगभरच्या सेंटर्सचा गट आहे. त्यांनी २०२० मध्ये 'ब्रेन' या जर्नलमध्ये डीटीआयचा मोठा अभ्यास छापला. २१ ठिकाणचा डेटा, १२४९ एपिलेप्सीवाले आणि १०६९ निरोगी. निष्कर्ष असा की जवळपास सगळ्याच प्रकारच्या एपिलेप्सीत बहुतेक पट्ट्यांमध्ये (म्हणजे वायरींच्या जुड्यांमध्ये) एफए कमी होता, कॉर्पस कॅलोसम, सिंग्युलम, एक्स्टर्नल कॅप्सूलमध्ये जास्त. हिप्पोकॅम्पस आक्रसलेल्यांमध्ये सगळ्यात ठळक, आणि त्यातही ज्या बाजूचा हिप्पोकॅम्पस खराब त्याच बाजूचा पॅराहिप्पोकॅम्पल सिंग्युलम आणि एक्स्टर्नल कॅप्सूल. आता धाग्याची पहिली पोस्ट परत वाचा. भावाचा रिपोर्ट म्हणजे त्या पेपरचं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. म्हणजे त्याला दुसरा कुठला आजार जडलेला नाही, जो आहे त्याचीच ही पायवाट आहे. मला तरी हे वाचून भीती कमी व्हावी असं वाटतं.

पण फिल्मसाहेब म्हणतात तेही खरंय. हे सगळे फरक सरासरीचे. हजार लोकांची सरासरी खाली सरकते तेव्हा पेशंट आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात. मी स्वतः कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी माणूस म्हणून, मशीनमध्ये झोपलोय, माझे एक दोन पट्टे सरासरीच्या खाली आहेत. मला आजवर फिट आलेली नाही. (आई म्हणते लक्ष नसतं, ते वेगळं.)

गोदाकाठ
@तेम्सकाठचा_कोकणी पायवाट हा शब्द आईला सांगितला, तिला पटला. पण मग कोंबडी आधी की अंडं?

तेम्सकाठचा_कोकणी
त्या अभ्यासात हिप्पोकॅम्पसवाल्यांमध्ये ज्यांना लहान वयात सुरू झालं आणि ज्यांना जास्त वर्षं झाली त्यांचे बदल जास्त होते. त्यावरून वाटतं की फिटांनी वायरी खराब होत जातात. पण ते एका वेळी काढलेले फोटो आहेत, एकाच माणसाचे वीस वर्षांतले वीस फोटो नाहीत, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही.

उलट बाजूचंही ऐका. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदीर-घुशींवर काम छापलं, ॲब्सेन्स प्रकारच्या (काही क्षण नुसतं भान हरपतं अशा) फिट येणारे प्राणी. तिथे फिट सुरू झाल्यावर फिटेच्या वाटेवरचं मायलिन वाढलं, कमी नाही झालं! सराव केला की वायरीवरचं वेष्टण जाड होतं, तबला शिकताना होतं तसंच, इथे मेंदू फिटेचाच रियाज करतो असं समजा. इथोसक्सिमाइड देऊन फिट थांबवल्या तर ते मायलिन वाढलं नाही. आणि औषध किंवा जनुकीय युक्तीने हे जादाचं मायलिन होऊच दिलं नाही तर फिटाही कमी राहिल्या. म्हणजे दोन्ही एकमेकांना ढकलतात. प्रकार वेगळा, प्राणी वेगळे, भावाला थेट लागू नाही. पण प्रश्न कोंबडी-अंड्याइतका सरळ नाही एवढं यातून कळतं.

दोनदा_विचारा
म्हणजे एका ठिकाणी कमी झालं म्हणून वाईट, दुसऱ्या ठिकाणी वाढलं म्हणून वाईट. ज्योतिष पण असंच असतं.

तेम्सकाठचा_कोकणी
ज्योतिषी त्याचा डेटा देत नाही 🙂

वैद्यांची_नात
मायलिन चरबीचं असेल तर साधा उपाय आहे, रोज सकाळी दोन चमचे गाईचं तूप आणि ब्राह्मी. आमचे आजोबा द्यायचे. मेंदूला वंगण लागतं.

काळीपांढरी_फिल्म
तूप पोटात पचतं, मेंदूत जाऊन वायरीला चोपडलं जात नाही. खायचं तर पुरणपोळीवर खा. फिटांसाठी किटोजेनिक आहार हा खरा उपचार आहे, १९२१ पासून, मेयो क्लिनिकमधून आला, मुख्यतः मुलांसाठी. पण त्यात भात, पोळी, साखर जवळजवळ बंद, प्रत्येक घास काट्यावर मोजून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. नेहमीच्या जेवणावर दोन चमचे तूप म्हणजे किटोजेनिक नव्हे. आणि कृपा करून कोणी चालू गोळ्या अचानक बंद करू नका, त्याने सलग फिट येऊन जिवावर बेततं.

संत्रा_बर्फी
आमच्या नागपुरात एकाच वाक्यात निकाल लावतात, कोबी खाल्ली असेल! माझ्या मावसभावाला फिट आली तर डोक्यात गाठ निघाली, फिल्मवर कडीसारखी चमकत होती आणि तिच्या भोवती पांढऱ्या भागात ही सूज. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. घरी मांसाला शिवत नाही कोणी, मग मावशीने कोबीवर राग काढला, आजतागायत घरात कोबी नाही आली.

काळीपांढरी_फिल्म
कोबी बिचारी बदनाम आहे. डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो, तो ज्याच्या पोटात आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, आणि ती हाताला, पाण्याला, न धुतलेल्या कुठल्याही पाल्याला लागून तोंडात गेली की मेंदूत गाठ. म्हणून शुद्ध शाकाहाऱ्यालाही होते. मेथी, कोथिंबीर, मुळा काहीही चालतं त्याला. एकच गाठ असेल तर पुष्कळदा काही महिन्यांत विरते, सूजही उतरते, कधी मागे खडू, म्हणजे कॅल्शियमचा ठिपका, राहतो.

पुन्हा_उभा
मला स्वतःला येतात म्हणून लिहितो, इथे सगळे भाऊ-भाची-आबांचंच बोलतायत.

वय ३४, ठाणे. माझंही टेम्पोरल लोबच, म्हणजे कानामागच्या बाजूचा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस त्यातच असतो. रिपोर्टातल्या वायरींचं मला एवढंच कळतं की शब्द सापडत नाहीत. कालच बायकोला म्हटलं ते दे ना, ते, ज्याने पोळी उलटतात. पंधरा वर्षं पोळी खातोय तिच्या हातची आणि उलथनं आठवेना. लोकांना फिट दिसते, हे दिसत नाही. फिट महिन्यातून दोन मिनिटं, हे रोज सोळा तास. आधी वाटायचं मी आळशी आहे, मूर्ख आहे. मग एका डॉक्टरने सांगितलं की भाषा आणि आठवणीच्या वायरी याच रस्त्याने जातात, तेव्हा विचित्र वाटेल पण बरं वाटलं मला, कारण मिळालं ना. तर गोदाकाठ, तुमच्या भावालाही रिपोर्ट समजावून सांगा. तुम्ही सगळे दारामागे कुजबुजताय हे त्याला कळतं. मला कळायचं.

लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर मी घरात भांडी फेकायचो. सगळ्यांना वाटलं स्वभाव बिघडला. औषधाचा तो माहीत असलेला परिणाम निघाला, बदलल्यावर गेला. तेव्हा चिडचिड असेल तर तीही डॉक्टरला सांगा, सगळं वायरींवर ढकलू नका.

आणि चप्पल हुंगवणाऱ्यांनो, शुद्धीवर आल्यावर पहिला वास तो येतो. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर हॉस्पिटल. तोंडात काही घालू नका. बस.

लाल_डबा
@पुन्हा_उभा दंडवत. उलथनं मलाही आठवत नाही पण माझ्याकडे रिपोर्ट नाही.

सई_पेण
माझ्या बहिणीच्या वेळी आमची अशीच गाळण उडाली होती. तिच्या गोळ्या कमी करत होते, त्या आठवड्यात एमआरआय झाला आणि कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाला, स्प्लेनियम म्हणतात त्याला, मधोमध अंडाकृती ठिपका. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ट्यूमर म्हणालं, कोणी एमएस (मायलिन खराब होण्याचा आजार). डॉक्टर म्हणाले काही करू नका, दोन महिन्यांनी परत काढू. परत काढला, ठिपका गायब! फिटांनंतर किंवा गोळ्या कमी करताना असा तात्पुरता डाग येऊ शकतो म्हणे. त्या दोन महिन्यांत माझ्या वडिलांचं सहा किलो वजन उतरलं, ते मात्र कुठल्या रिपोर्टात नाही.

देशावरचा_नानू
विषय निघालाच आहे तर, अशा मुलामुलींच्या लग्नाचं कसं करतात लोक? लपवतात का?

पुन्हा_उभा
लपवू नका. १९९९ मध्ये कायदा बदलला, हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा जो अडथळा होता तो काढला. लग्नाला आजार आड येत नाही आता, लपवालपवी येते. मी बायकोला दुसऱ्या भेटीत सांगितलं. तिने विचारलं, "घोरतोस का?" पुण्यात संवेदना फाउंडेशन म्हणून आधारगट आहे, तिथे या विषयावर मोकळं बोलतात.

संपादक
लग्नासाठी वेगळा धागा काढावा. इथे व्हाइट मॅटर चालू द्या.

अनंतशयन
मी मूळचा सांगलीचा. माझी २०११ मध्ये तिरुअनंतपुरमला श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डाव्या टेम्पोरल लोबची सर्जरी झाली. तिथे १९९५ पासून एपिलेप्सीची ऑपरेशनं होतात. तेव्हापासून मोठी फिट नाही, दोनदा फक्त पोटातून काहीतरी वर आल्यासारखं झालं.

@दोनदा_विचारा पांढऱ्या भागाने काय फरक पडतो विचारलंत ना, हे घ्या. डोळ्याकडून मागे जाणाऱ्या वायरींचा एक लूप टेम्पोरल लोबमध्ये पुढपर्यंत येऊन वळतो, मेयर लूप म्हणतात. प्रत्येकाचा किती पुढे येतो ते वेगळं, आणि साध्या फिल्मवर तो दिसत नाही. कापताना त्याला धक्का लागला की विरुद्ध बाजूचा वरचा कोपरा दिसेनासा होतो. माझा गेला. उजवीकडे वर काही टांगलेलं असेल तर मला कळत नाही, आकाशकंदील मी कपाळाने शोधतो. आता काही ठिकाणी ऑपरेशनआधी डीटीआयवरून तो लूप आखून घेतात. पैठणी म्हणा हवं तर, पण कात्री कुठे थांबवायची ते त्या पदरावर दिसतं.

परत केलं असतं का? हो. कपाळाला टेंगूळ परवडतं.

तेम्सकाठचा_कोकणी
हेच लिहिणार होतो. इथे लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या न्यूरोलॉजी हॉस्पिटलात यावर बरंच काम झालंय. इंग्लंडमध्ये फिट थांबल्या तरी नजरेचा कोपरा फार गेला तर गाडी चालवायचं लायसन मिळत नाही, म्हणून तो लूप वाचवण्याची धडपड.

दोनदा_विचारा
ठीक, एवढं मान्य. ऑपरेशन असेल तर डीटीआय. ऑपरेशन नसेल तर पैठणीच.

काळीपांढरी_फिल्म
याच्याशी मी ९० टक्के सहमत आहे आणि हे माझ्या धंद्याच्या विरोधात आहे.

गोदाकाठ, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. दोन योग्य औषधं नीट डोसमध्ये घेऊन फिट थांबल्या नाहीत की त्याला औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात, आणि तिथून पुढे तिसऱ्या-चौथ्या गोळीने पूर्ण थांबण्याची आशा कमी होत जाते. तुमच्या भावाचा हिप्पोकॅम्पस एका बाजूचा, औषधं तीन झालेली. २००१ मध्ये कॅनडात ८० पेशंट्सची चाचणी झाली होती, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना औषधं. वर्षाने भान हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले ऑपरेशनवाल्यांत ५८ टक्के, औषधवाल्यांत ८ टक्के. तेव्हा डॉक्टरांना एफएबद्दल एक प्रश्न विचारा, सर्जरीबद्दल दहा विचारा.

गोदाकाठ
(बारा दिवसांनी) अपडेट. जाऊन आलो, या वेळी भावालाच पुढे बसवलं, @पुन्हा_उभा तुमच्यामुळे. त्याने रिपोर्ट आधीच वाचला होता, माझ्याच मोबाइलवर, मी झोपल्यावर. घ्या.

डॉक्टरांना विचारलं हे फिटांनी झालं का, गोळ्यांनी झालं का, की आधीपासूनच होतं. म्हणाले गोळ्यांवर ढकलू नका, बाकी दोन्ही थोडं थोडं असणार, आणि उत्तर काहीही असलं तरी मला करायचं तेच करायचंय, फिट थांबवायच्या. डीटीआयचा परिच्छेद त्यांनी एका मिनिटात संपवला, बाजू डावीच दाखवतोय, जुळतंय, एवढंच. फिल्मसाहेब बरोबर निघाले. वाढत जाईल का यावर म्हणाले चालू राहिल्या तर काळजी आहे, म्हणून वाट बघत बसू नका.

आता पाच दिवस व्हिडिओ ईईजीला (कॅमेरा आणि मेंदूतल्या विजेची नोंद एकत्र) ॲडमिट व्हायचंय. तिथे देखरेखीखाली गोळ्या कमी करून फिट येऊ देतात आणि ती रेकॉर्ड करतात. मग आठवणीच्या, भाषेच्या चाचण्या, मग ठरेल. आई म्हणते अठरा वर्षं फिट येऊ नये म्हणून नवस केले आणि आता पैसे भरून आणायची? भाऊ म्हणाला, आई, तिथे गेल्यावर नेमकी येणार नाही बघ, पाहुणे आले की पोरं कविता म्हणत नाहीत तसं.

एकच विचारते, सोबत राहणाऱ्याला रात्री झोपायला मिळतं का, आणि काय काय न्यायचं?

अनंतशयन
सोबतचा माणूस खोलीतच लागतो, फिट आली की बटण दाबायला. खुर्ची मिळेल, झोप नाही. पुढून बटणांचे शर्ट न्या, डोक्यावर वायरी असतात, टीशर्ट निघत नाही. आणि आदल्या दिवशी डोकं नुसतं शांपूने धुवा, तेल अजिबात नको, इलेक्ट्रोड निसटतात.

गोदाकाठ
तेल नको हे आईला कोण सांगणार? दर रविवारी वाटीभर जिरवते ती त्याच्या डोक्यात.

सातारी_कंदी
आमच्या आबांना रोजची गोळी घ्यायला सांगतो त्याच दिवशी तुम्ही आईंना सांगा. दोघं एकदमच रागावतील.